बॉल फेकणारं मशीन घेऊ का? घ्या, पण घर रिकामं असताना लावू नका

प्रश्न: "ताई, आमचा चिकू लॅब्रॅडॉर आहे, १४ महिन्यांचा, ३१ किलो. वाकडला पाचव्या मजल्यावर टू बीएचके. मी आणि नवरा दोघं आयटीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं, तेव्हा घरी सासूबाई असतात पण दुपारी त्या पण भजनाला जातात (वय ६९, गुडघे दुखतात; दिवसा चिकू त्यांच्या पायाशी बॉल आणून टाकतो, वाकता येत नाही म्हणून त्या 'जा बाबा' म्हणतात). सकाळ-संध्याकाळ फिरवतो तरी ह्याची एनर्जी संपत नाही. सतत बॉल घेऊन मागे मागे, सोफ्याचा एक कोपरा खाऊन झाला. मला जानेवारीपासून फ्रोझन शोल्डर आहे, हात वर जात नाही, बॉल फेकणार कसा? दीर न्यू जर्सीला असतात, ते दिवाळीला येताना ते आपोआप बॉल फेकणारं मशीन आणतो म्हणतायत. ते चालू करून आम्ही बाहेर गेलो तर चालेल का? अजून एक, चिकू बॉल आणतो पण सोडत नाही, ओढाओढी होते. आणि खालच्या फ्लॅटमधले काका आवाजाची तक्रार करतात ते वेगळंच. – चिकूची आई"

चिकूच्या आई,

आधी उत्तर देऊन टाकते. मशीन घ्या. पण ते तुमच्या खांद्यासाठी घ्या, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घ्या, रिकाम्या घरासाठी घेऊ नका. चालू करून दाराला कुलूप लावून जायचं हा विचार आजच डोक्यातून काढा, का ते सांगते.

ह्या मशीनमधलं बरंच गाजलेलं एक आहे आयफेच, २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून सुरू झालेलं. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे एक आजोबा आणि त्यांचा शाळकरी नातू, नातू होमवर्कला बसला की त्यांचा छोटा पूडल सारखा बॉल आणून पुढ्यात टाकायचा, मुलाचा अभ्यास होईना, त्यातून ती कल्पना निघाली. मला ह्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, तो मुलगा घरात होता. तिथेच टेबलाशी बसलेला होता, फक्त त्याचा हात मोकळा नव्हता. तुमची अडचण अगदी तीच आहे. तुम्ही घरी असता, सासूबाई घरी असतात, हात चालत नाही. ह्या अडचणीला मशीन एकदम बरोबर बसतं.

घरी कोणीच नाही ही अडचण वेगळी, आणि तिथे मशीन कामाचं नाही, उलट धोक्याचं आहे. लॅब हा थांबणारा कुत्रा नाही हो. ह्यांचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यात उतरून जाळी ओढायचे, निसटलेले मासे धरून आणायचे, मग इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी आणून द्यायला ह्यांना तयार केलं, १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे पिढ्यानपिढ्या निवड कशाची झाली तर दमलो तरी अजून एकदा जाणाऱ्याची. चिकूला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणारच नाही की आता बास. मशीनला तर ते अजिबातच कळत नाही. पेटसेफ कंपनीचं जे मशीन आहे त्यात १५ मिनिटं खेळ झाला की १५ मिनिटं ते आपोआप बंद राहतं, चांगली सोय आहे, पण १५ मिनिटांनी ते परत सुरू होतं ना, आणि तेव्हा चिकूची जीभ किती बाहेर आलीये हे बघायला कोणीतरी लागतंच.

जिभेवरून आठवलं, हे नीट वाचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो थोडासा, बाकी सगळी गरमी तो धापा टाकून बाहेर काढतो. त्याचं नॉर्मल टेम्परेचर साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल तिथूनच त्याची सुरुवात. बंद हॉलमध्ये, पंखा बंद, पुण्यातला एप्रिल, आणि बॉल येतोय म्हणून पळतोय, अर्ध्या तासात तो आकडा १०६ च्या दिशेने जायला लागला तर जीवावर बेततं. जीभ लांब लटकून टोकाला चमच्यासारखी रुंद झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, लाळ घट्ट चिकट झाली, पाय लटपटले, ह्यातलं काहीही दिसलं की खेळ तिथेच बंद, अंगावर साधं गार पाणी, पंखा समोर, आणि व्हेटला फोन करत करतच निघायचं. हे सगळं करायला माणूस घरात हवा. भजनाला गेलेला चालत नाही, शेजारच्या खोलीत कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये असलेला पण चालत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही "अजून एक" म्हणून सहज लिहिलंय. बॉल आणतो पण सोडत नाही. अहो, सगळं तिथेच अडकलंय! मशीनच्या वरच्या भांड्यात बॉल टाकला की मशीन पुढे फेकणार, जो कुत्रा बॉल सोडत नाही त्याच्यासाठी ते मशीन म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला डबा. चिकू बॉल तोंडात घेऊन मशीनसमोर उभा राहील, तुम्ही ओढाल, तो अजून घट्ट धरेल, आणि त्या खांद्याने तुम्ही ओढाओढी करणार? नको. दिवाळीला अजून वेळ आहे, त्या वेळात फक्त एवढं एक शिकवा.

ओढायचं आधी बंद करा. तुम्ही ओढता तेव्हा त्याच्या दृष्टीने खेळ सुरू होतो, आणि खेळ तर हवाच असतो त्याला. दोन बॉल घ्या, अगदी एकसारखे, एक नवा एक जुना असं नको, त्याला जो आवडतो तोच धरून बसेल. एक घरंगळत सोडा. हो, घरंगळतच, फेकायची गरजच नाही, खुर्चीत बसून हात खाली सोडून ढकलला तरी बॉल हॉलच्या टोकाला जातो, खांद्याला झटका नाही आणि चिकूला उडी मारायला लागत नाही. तो घेऊन आला की त्याच्या तोंडातल्या बॉलकडे बघू पण नका. दुसरा बॉल हातात घेऊन जमिनीवर टप टप करा, त्याच्यावर खूप प्रेम असल्यासारखं बघा त्याच्याकडे. चिकूचं तोंड उघडेल. ज्या क्षणी उघडेल त्याच क्षणी "सोड" म्हणा, आधी नाही, आणि दुसरा बॉल लगेच सोडा. चार-पाच दिवसांत "सोड" ह्या शब्दाला अर्थ येतो. मग तोंड उघडायच्या थोडं आधी म्हणायला लागा. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा, तुम्ही सोड, नवरा ड्रॉप आणि सासूबाई "टाक रे मेल्या" असं झालं तर त्या बिचाऱ्याने काय समजायचं?

सोड जमलं की मग भांडं. माझ्याकडे बाळू होता, रस्त्यावरचाच, पावसात गाडीखाली सापडलेला, धावायला इतका तेज की विचारू नका. त्याला मी पहिल्यांदा स्टीलच्या परातीत बॉल टाकायला लावला, आणि ठण्ण असा आवाज झाला तो जो पळाला तो पलंगाखाली, दोन दिवस परातीच्या जवळ येईना. मग प्लास्टिकचा कपडे भिजवायचा मोठा टब घेतला, आत जुना टॉवेल घातला. त्याच्या तोंडाखालीच टब धरायचे आणि "सोड" म्हणायचे, बॉल पडला की मटकन एक खाऊचा तुकडा. नंतर टब जमिनीवर. एक दिवस काय झालं, बॉल टबच्या कडेवर पडला, बाहेर उडाला आणि सोफ्याखाली गेला. बाळू माझ्याकडे बघतोय, टबकडे बघतोय, परत माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही, खाऊ पण दिला नाही, शांत बसून राहिले. तो सोफ्याखाली घुसला, बॉल काढला, टबपाशी आला, आणि ह्या वेळी मान पूर्ण आत घालून बॉल टॉवेलवर ठेवला. टाकला नाही, ठेवला! मला रडूच आलं तेव्हा. त्याने ते स्वतः शोधून काढलं होतं.

तर तिथपर्यंत चिकूला न्या. मग टब पाटावर ठेवा, मग छोट्या स्टुलावर, मग टबच्या जागी छोटं घमेलं, म्हणजे मशीनच्या वरच्या तोंडाची उंची आणि रुंदी हळूहळू येते. रोज पाच मिनिटं दोनदा, त्याहून जास्त नको, कंटाळला की चुका करायला लागतो. लॅबचं एक बरं असतं, खाण्यासाठी काहीही शिकतात. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की साधारण चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये एक जीन असा बिघडलेला असतो की खाण्याकडे त्यांची ओढ जास्तच असते. म्हणून ट्रीट वेगळी देऊ नका, त्याच्याच जेवणातले दाणे बाजूला काढून तेच वापरा, ३१ किलोचा ३६ व्हायला वेळ लागत नाही आणि ते वजन सगळं सांध्यांवर येतं.

मशीन आलं की पहिल्या दिवशी चालू करू नका. प्लीज. ही चूक मी केलीये आणि तिची किंमत बाळूने भरली. मैत्रिणीने वापरायला दिलेलं मशीन होतं, मी उत्साहात लगेच प्लग लावला, आत बॉल टाकला, मोटर घुर्रर्र झाली. बाळू बिचारा आवाज कुठून येतो बघायला बरोबर त्या पुढच्या भोकापाशी नाक लावून उभा, आणि बॉल सुटला तो सरळ नाकावर. लागलं फार नाही पण पुढचे तीन आठवडे मिक्सर लावला की तो बाथरूममध्ये जाऊन बसायचा, कारण मिक्सरचा आवाज त्याला तसलाच वाटायचा. चटणी वाटायची तर मी त्याला शेजारी सोडून यायचे. ह्या मशीनमध्ये आत दोन चाकं उलटसुलट फिरत असतात आणि बॉल त्यांच्यात सापडून बाहेर भिरकावला जातो, किंवा स्प्रिंग असते. आवाज होणारच. आणि बॉल टाकल्यावर एक-दोन सेकंद नुसता आवाज येतो, बॉल नंतर येतो, नवीन कुत्रा नेमका त्याच वेळी वाकून बघतो. डोळ्याला लागलं असतं तर, हा विचार आजही आला की कसंतरी होतं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस मशीन बंद, त्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ नुसतं ठेवलेलं. मग दुसऱ्या खोलीत चालू, रिकामं, आणि चिकूला इकडे खाऊ. मग त्याच खोलीत लांब. मग एकाने पट्टा धरून चिकूला बाजूला उभं करायचं आणि दुसऱ्याने बॉल टाकायचा, त्याने बॉल उडताना बाजूने बघायला हवा, समोरून नाही. जमिनीवर रंगीत टेप लावून टाका, ह्या रेषेच्या मागे उभं राहायचं. काही मशीनमध्ये समोर कोणी आलं की थांबायचा सेन्सर असतो, तसलंच आणायला सांगा दिरांना, पण त्याच्या भरवशावर लहान मुलाला समोर खेळू देऊ नका.

दिरांना अजून दोन गोष्टी सांगा. बॉलचा साइज बघायचा. तो आयफेचचा पहिला छोटा मॉडेल दीड इंची बॉलवर चालतो, पूडलसाठीच होता ना तो, लॅबच्या घशात असा बॉल सरळ जाऊन अडकेल. नेहमीच्या टेनिस बॉलचं, म्हणजे साधारण साडेसहा सेंटीमीटरवालंच मशीन हवं. आणि तो बॉल पण फाटला, पिचला की लगेच फेकून द्या, दाबला जाणारा बॉल मागे सरकू शकतो. इथे दुकानात क्रिकेटचे जे जड टेनिस बॉल मिळतात ते मशीनमध्ये नकोत, आणि सोसायटीतल्या पोरांचा टेप लावलेला बॉल तर अजिबात नको. बॉल चावत बसू देऊ नका, त्यावरची लोकर धूळमातीने पॉलिश पेपरसारखी होते आणि दात झिजतात. लाळेने चिंब झाला की चाकात घसरतो आणि मशीन अडकतं, शेजारी एक जुना नॅपकिन ठेवा, दर सात-आठ वेळा पुसायचा.

दुसरं, अ‍ॅडॉप्टर. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं, १०० ते २४० असेल तर नुसती पिन बदलून चालतं. फक्त १२० लिहिलं असेल तर पिन बदलून लावलंत की पहिल्याच दिवशी धूर. विकत घ्यायच्या आधी त्या जागेचा फोटो मागवा. काही मशीन मोठ्या टॉर्चच्या सेलवर पण चालतात, लाइट गेली तरी बरं, फक्त सेल सहा-सहा लागतात.

खालच्या काकांचं. काका बरोबर बोलतायत हो, त्यांच्या डोक्यावर टेनिस बॉल आपटतोय आणि मागून ३१ किलो धावतायत. त्यात तुमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स असणार, त्यावर लॅब वळताना घसरतो तेव्हा मागच्या पायाच्या गुडघ्यातला लिगामेंट जायची भीती असते, मोठ्या जातींची हाडं दीड वर्षापर्यंत पक्की होत असतात आणि चिकू अजून १४ महिन्यांचाच आहे. म्हणजे काकांचं आणि चिकूचं औषध एकच, खाली जाड काहीतरी. नुसती सतरंजी घातली तर सतरंजीसकट घसरेल, मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे घ्या, बॉल जिथे पडतो आणि चिकू जिथे वळतो त्या दोन जागी तरी हवेतच. पंजांमधले वाढलेले केस कापा, नखं कापा. मशीनचं अंतर सगळ्यात कमी ठेवा, आठ-दहा फूट, तुमच्या हॉलला तेवढंच पुरे, ३० फूट म्हणजे बॉल टीव्हीवर. दुपारी दोन ते चार मशीन बंद. आणि काकांना स्वतः जाऊन सांगा की आम्ही मॅट घातलीये, अमुक वेळेलाच खेळतो, त्रास झाला तर फोन करा. चकल्या घेऊन गेलात तर अजून उत्तम. गच्ची मिळत असेल तर सकाळी सातच्या आत, कठडा नीट उंच असेल तरच, आणि फरशीवर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांना पण बसतो.

आता मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं ते सासूबाईंबद्दल. तुम्ही लिहिलंय की दिवसा चिकू त्यांच्या पायाशी बॉल आणून टाकतो आणि त्यांना वाकता येत नाही म्हणून त्या "जा बाबा" म्हणतात. वाचून पोटात तुटलं. दोघांनाही एकमेकांशी काहीतरी करायचंय आणि मध्ये फक्त एक गुडघा आहे! रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारा, आणून द्यायला समोर कोणीतरी लागतं ना. मशीनला आणून दिलं तर मशीन शाब्बास म्हणत नाही, कुत्रा नुसता पळत राहतो, आणि असे कुत्रे मी बघितलेत, बंद मशीनसमोर तास तास बसून लाळ गाळतात, हाक मारली तर वळत नाहीत. तेच मशीन खुर्चीशेजारी ठेवलं, खुर्चीत सासूबाई बसल्या, बटण त्यांच्या हाताशी, चिकू बॉल वरच्या भांड्यात टाकतो, त्या "शाब्बास" म्हणतात, बॉल उडतो, तर तो खेळ त्या दोघांचा होतो. सुरू कधी करायचं आणि संपलं कधी हे सासूबाईंनीच ठरवायचं. सकाळच्या चहानंतर दहा मिनिटं, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटं, जेवणानंतर लगेच नाही, निदान तास-दीड तास जाऊ द्या.

संपवताना एकदम बटण बंद करू नका, तो अजून पेटलेलाच असतो. मूठभर दाणे मॅटवर विखरून टाकायचे, "बस, संपलं" म्हणायचं आणि मशीन उचलून कपाटात, डोळ्यासमोर नाही. दाणे हुंगत हुंगत शोधताना त्याचा श्वास खाली येतो, तुम्हाला दिसेल ते.

आणि तुम्ही घरी नसताना काय, तर तेव्हा पळायला लावू नकाच. पळवून पळवून दमवायला गेलात तर तीन महिन्यांत त्याचा स्टॅमिना वाढतो आणि २० मिनिटांनी दमणारा ४० मिनिटांनी पण दमत नाही, घरात पैलवान तयार होतो. त्याच्या नाकाला काम द्या. निघायच्या आधी सकाळचं जेवण जुन्या टॉवेलात घालून गुंडाळी करून द्या, किंवा रिकाम्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यात दाणे (स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी काढून). कागद खाणारा असेल तर पहिले काही दिवस तुमच्यासमोर करून बघा. आणि सकाळच्या फेरीतली वीस मिनिटं पट्टा लांब सोडून त्याला हुंगू द्या, ज्या खांबापाशी थांबेल तिथे थांबा, "चल चल" करू नका. सोफ्याचा कोपरा मला वाटतं ह्यानेच वाचेल, मशीनने नाही.

खांद्याची फिजिओथेरपी सोडू नका, पट्टा त्या हातात धरू नका. चिकूच्या नितंबाच्या सांध्यांचा एक्स-रे झाला नसेल तर मशीन यायच्या आधी व्हेटला एकदा विचारून घ्या, ह्या जातीत तो त्रास असतो आणि असेल तर मशीनचा विचारच वेगळा करावा लागेल.

आज रात्री एवढंच करा, दिरांना अ‍ॅडॉप्टरच्या फोटोचा मेसेज टाका आणि दोन एकसारखे बॉल आणा. चिकू ज्या दिवशी पहिल्यांदा टबमध्ये बॉल ठेवेल त्या दिवशीचा व्हिडिओ मला नक्की पाठवा, आणि त्यात सासूबाई पण दिसू देत.